फाल्गुनातला गोल्फ कोर्स: होळीआधी काय, नंतर काय

गोल्फ कोर्सच्या देखभालीवरच्या परदेशी पुस्तकांतली वसंतातल्या कामांची यादी बर्फ वितळण्यापासून सुरू होते. पुण्याकडे तिचा उपयोग नाही. आपलं गवत थंडीत मरत नाही, नुसतं आळसावतं. खरी परीक्षा एप्रिल-मेची. त्यामुळे ‘होळी जळाली, थंडी पळाली’ हेच आमचं वेळापत्रक. यंत्रं आणि पाणी होळीआधी, गवताला हात होळीनंतर.

पाण्यापासून सुरुवात करा. श्रीखंडाचे एकाच मापाचे रिकामे डबे ग्रीनवर (होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर) तीन-तीन मीटरवर मांडा, स्प्रिंकलर पंधरा मिनिटं चालवा आणि प्रत्येक डब्यात पट्टी बुडवून पाहा. एका डब्यात बोटभर पाणी आणि शेजारच्याचा जेमतेम तळ ओला, असं निघालं तर नोझल काढून बघा. बहुधा शेवाळ किंवा बारीक खडा अडकलेला असतो. नाहीतर स्प्रिंकलर एका अंगाला कललेला असतो. हे आत्ता केलं नाही, तर मे महिन्यात ग्रीनवर पिवळी चकती उमटते आणि सगळे रोग शोधत बसतात.

रील मोवरची, म्हणजे फिरत्या पात्यांच्या गवत कापायच्या यंत्राची, पाती घासून घ्या आणि वर्तमानपत्राची पट्टी धरून परीक्षा करा. कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. चुरगळून ओढला गेला तर गवताचंही तेच होणार. थंडीत वाढवलेली कापणीची उंची एका दमात खाली आणू नका. एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नाही. साडेचार मिलिमीटरवरून साडेतीनवर यायला आम्ही दोन-तीन आठवडे घेतो.

आता एअरेशन, म्हणजे ग्रीनला भोकं पाडून मातीच्या कांड्या बाहेर काढणं. एका वर्षी स्पर्धेच्या तारखेसाठी मी ते जानेवारीत उरकलं. रात्री दहा अंशांवर होत्या. भोकं बुजायला दीड महिना लागला, आणि तेवढे दिवस चेंडू होलकडे उड्या मारत जाताना पाहून सभासद माझ्याकडे ज्या नजरेनं बघत, ती अजून आठवते. तेव्हापासून मी कॅलेंडर विचारत नाही. सकाळी दहा सेंटिमीटर खोल मातीत थर्मामीटर खुपसायचा. १८ अंशांच्या वर सलग आठवडाभर आकडा टिकला आणि रात्री १५ अंशांखाली जाईनाशा झाल्या की मशीन काढायचं. १२ मिलिमीटरची टाइन (भोक पाडणारी पोकळ नळी), पाच सेंटिमीटर अंतर, सात-आठ सेंटिमीटर खोली. या हिशेबानं ग्रीनचा साडेचार टक्के भागच निघतो, पण मुळांना हवा मिळते आणि खालचा कुजका थर फुटतो. मग भोकांत भरायला वाळू. ती कोरडी हवी, नाहीतर भोकाच्या तोंडावरच बसते. आलेल्या ट्रकमधली मूठभर पाण्याच्या बाटलीत टाकून हलवा. पाणी चहासारखं झालं तर ट्रक परत पाठवा, पुरवठादार कितीही नाराज होवो.

नर्सरीला, म्हणजे ग्रीनचं गवत राखून ठेवलेल्या वाफ्याला, खत मात्र विसरू नका. ग्रीनवरची टिफड्वार्फ ही आपल्या हराळीचा आफ्रिकेतल्या चुलत बहिणीशी झालेला संकर. तिला बी धरत नाही, ठिगळ लावायचं तर नर्सरीतूनच. (शेतकरी जन्मभर हराळी उपटतो आणि आम्ही तिला दूध पाजल्यासारखी वाढवतो, हे गावाकडे सांगायची सोय नाही.) लव्हाळा दिसला की उपटू नका, वरचं पातं हातात येतं, गाठ जमिनीत राहते. सुरीनं गाठीसकट काढा. आवारातल्या कडुनिंब-बाभळींची नोंदही आत्ताच करून ठेवा, कारण वळवाच्या पहिल्या पावसानंतर हुमणीचे (गवताची मुळं खाणाऱ्या अळीचे) भुंगेरे संध्याकाळी तिथेच येतात.

बंकरच्या, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यांच्या, तळाशी दहा ते पंधरा सेंटिमीटर वाळू आहे ना, सळई घालून बघा. काटेसावरीची फुलं रोज सकाळी मोवरच्या आधी वेचायची. चिरडली की बुळबुळीत होतात.

आणि सगळ्यात आधी, अगदी थर्मामीटरच्याही आधी, माळ्यांच्या रजा विचारा. आमचे निम्मे लोक कोकणातले. शिमग्याला पालखी निघाली की ते गावी जाणार म्हणजे जाणारच, आणि वाळूचे चार ट्रक ग्रीनशेजारी आठवडाभर तसेच पडून राहतात.