ब्रेकचं पेडल खाली जातंय? ‘एअर काढा’ म्हणण्याआधी या चुका टाळा

ठाण्यात एमएच-०४ पाटीच्या जुन्या मारुती ८००, ओम्नी, सँट्रो अजूनही रोज धावताना दिसतात. या गाड्यांची एक तक्रार हमखास ऐकू येते. पेडल मऊ लागतं, पार खाली जातं, दोनदा पंप मारला की मग ब्रेक लागतो. त्यावर गॅरेजमधलं ठरलेलं उत्तर म्हणजे "एअर झाली असेल, काढून टाकू", म्हणजे ब्रेकच्या पाइपांत शिरलेली हवा बाहेर काढू. एअर काढली की चार दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच आहे. ब्रेकची लाइन, म्हणजे पायाचा दाब चाकांपर्यंत नेणारे ऑइलचे पाइप, बंदिस्त असते, तिच्यात हवा आपोआप होत नाही. कुठून तरी ऑइल गेलेलं असतं, नाहीतर कुठल्या तरी कामात लाइन उघडलेली असते. ते कारण न शोधता एअर काढणं म्हणजे दुखणं तसंच ठेवून ताप उतरवणं. शिवाय कितीतरी वेळा लाइनमध्ये हवा नसतेच.

म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा आणि पेडल नीट दाबून बघा.

पंप मारल्यावर पेडल वर आलं आणि टणक लागलं, तर संशय मागच्या ड्रमवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या डब्यावर घ्या. ड्रमला आतून दाबणाऱ्या शूवरचं अस्तर, म्हणजे लायनर झिजलेत, शू आणि ड्रममधलं अंतर राखणारा अ‍ॅडजस्टर गंजून जाम झालाय, त्यामुळे शू ड्रमपर्यंत पोचायलाच पेडलचा अर्धा प्रवास खर्च होतो. खात्री करायची तर हँडब्रेक ओढून पेडल दाबा. ते बरंच वर लागलं तर निदान पक्कं. इथे बरेच जण हँडब्रेकची केबल ताणून घेतात. तसं करू नका. केबल ताणल्याने आतला लिव्हर कायम अर्धवट ओढलेला राहतो आणि ज्या ड्रममध्ये आपोआप अ‍ॅडजस्ट होण्याची सोय असते तिथे तीही बंद पडते. आधी ड्रम उघडून शू अ‍ॅडजस्ट करा, केबलला हात शेवटी लावा.

पंप मारून पेडल वर आलं, पण स्पंजसारखं दबतच राहिलं, तर मात्र हवा आहे. किंवा रबरी होज पाइप म्हातारे झालेत. कुणाला तरी पेडल दाबायला सांगून पुढच्या चाकाजवळच्या होजवर बोटं ठेवा. पाइप फुगताना हाताला कळतो. भेगा दिसल्या तर सगळेच होज बदला, एक-एक करत बसू नका.

तिसरी खूण फार जणांच्या नजरेतून सुटते. माजिवड्याच्या सिग्नलला पाय ब्रेकवर नुसता ठेवलाय आणि पेडल हळूहळू खाली सरकतंय, बाहेर ऑइलचा थेंबही नाही. हा दोष मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणाऱ्या मुख्य पंपाचा. आतले रबरी कप झिजले की ऑइल आतल्या आतच पलीकडे निसटतं. गॅरेजमध्ये जोरात लाथ मारल्यासारखं पेडल दाबून "ठीक आहे" म्हणतात, ती तपासणी खरी नव्हे. झिजलेले कप जोराच्या दाबाला अनेकदा धरतात आणि हलक्या दाबाला सोडतात. तपासायचं तर हलका, सारखा दाब देऊन अर्धा मिनिट थांबा. आणि कप बदलताना सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे दिसले, तर नुसतं कपांचं किट टाकू नका, अख्खा सिलिंडर बदला.

इंजिन बंद असताना पंप मारून पेडल कडक केलं, पाय तसाच ठेवून गाडी सुरू केली आणि पेडल थोडं खाली गेलं, तर तो दोष नाही. बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, काम करतोय याची ती खूण आहे. बूस्टर गेला की पेडल जड होतं, मऊ नाही.

आता ऑइल कमी होत असेल तर. पॅड झिजतात तशी ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी थोडी उतरते, तेवढं चालतं. पण पुन:पुन्हा भरावं लागत असेल तर ते कुठे जातंय हे शोधल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. मागच्या चाकांची आतली बाजू बघा. टायरवर ओला काळपट ओघळ दिसला की ड्रम काढा. शूंना ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या टोकाचं रबरी बूट स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच उचलायचं. आतून ऑइल ओघळलं, तर चोर सापडला. ऑइल पिलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवतात, ते मला अजिबात मान्य नाही. तापले की आतलं ऑइल पुन्हा वर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते. दोन्ही चाकांचे एकदमच बदला. ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये फुफ्फुसांना घातक अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. बाहेर कुठेच ओल नसेल तर मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांच्या जोडाखाली बोट फिरवा. तिथला रंग सुटलेला असेल तर ऑइल बूस्टरमध्ये जातंय.

ऑइलच्या बाबतीत दोन गोष्टी. टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच भरा. इंजिन किंवा स्टिअरिंगचं ऑइल चुकून जरी पडलं तरी सगळी रबरं फुगतात. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रकारचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात अर्धी उघडी बाटली शेल्फवर ठेवणं म्हणजे ते वाया घालवणं. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत येऊ शकतो. कसारा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर हे ऑइल उकळतं, वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. खाली येऊन गाडी थंड झाली की सगळं ठाकठीक, म्हणून लोक विसरून जातात. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, आणि घाटात खालचा गिअर टाका.

शेवटी खरंच एअर काढायची वेळ आली, तर पेडल जमिनीपर्यंत दाबू नका. जुन्या मास्टर सिलिंडरचा तो खालचा भाग कधी वापरात नसतो, तिथल्या गंजावर घासून चांगले कपही फाटतात. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. आणि कितीही काढली तरी हवा संपत नसेल, तर पुढच्या चाकातल्या कॅलिपरचा, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा निपल बघा, जिथून हवा सोडतात. तो वरच्या बाजूला हवा. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसला की निपल खाली येतो, हवा वरच अडकते आणि मेकॅनिक दिवसभर ऑइल वाया घालवत राहतो.

काम झाल्यावर गाडी लगेच घोडबंदर रोडच्या कंटेनरांमध्ये नेऊ नका. सोसायटीच्या आत सावकाश चालवून बघा, रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी टाकीची पातळी व चारही चाकांच्या आतल्या बाजू पुन्हा तपासा.