जर्मनीत नोकरीला येताय? आधी आजारपणाच्या विम्याचं बघा

आयटीच्या नोकरीवर जर्मनीत उतरलेली आपली मुलं पहिले पंधरा दिवस घर, सिमकार्ड आणि तूरडाळ कुठे मिळते यात गुंतलेली असतात. त्याच दिवसांत एचआरचा मेल येतो: तुमची क्रांकेनकासे कोणती ते कळवा. म्हणजे आरोग्य विमा कुणाकडे काढताय. या मेलला घाईत दिलेलं उत्तर कित्येकांना वर्षानुवर्षं नडलेलं आहे.

विमा दोन तऱ्हेचा. एक 'गेझेट्सलिश', कायद्याने बांधलेला. त्यात ठरावीक कमाल पगारापर्यंत १४.६ टक्के आणि शिवाय संस्थेनुसार थोडी जादा वर्गणी जाते. निम्मी कंपनी भरते. न कमावणारा जोडीदार आणि मुलं याच वर्गणीत बसतात, वेगळा पैसा लागत नाही. दुसरा 'प्रिव्हाट', खासगी. तिथे माणशी वेगळा हप्ता, तोही वय आणि तब्येत बघून. नोकरदाराला खासगीत जायला पगार मर्यादेच्या वर लागतो: २०२५ मध्ये वर्षाला ७३,८०० युरो, २०२६ मध्ये ७७,४००.

सत्तावीस वर्षांच्या, एकट्या, धडधाकट मुलाला खासगी हप्ता स्वस्त पडतो आणि एजंट तेवढंच दाखवतो. हा एजंट पुष्कळदा आपल्यातलाच असतो, गणेशोत्सवात भेटतो, गोड बोलतो. त्याला प्रत्येक पॉलिसीमागे कमिशन मिळतं, हे सही करण्याआधी आठवा. पुढे लग्न होतं, बायको डिपेंडंट व्हिसावर येते, तिचा हप्ता सुरू. बाळ होतं, त्याचा सुरू. मूल आजारी पडलं की गेझेट्सलिशवाल्या आईबाबांना मुलामागे प्रत्येकी वर्षाला १५ दिवसांच्या बुडालेल्या पगाराची भरपाई मिळते (२०२५ चा नियम, मूल बारा वर्षांखालचं हवं). खासगीवाल्याला ती मिळत नाही. परत फिरायचं तर साधारणपणे पगार मर्यादेखाली यावा लागतो, आणि वयाच्या ५५ नंतर परतीचं दार जवळजवळ बंदच होतं. संसार इथे थाटायचा विचार असेल तर गेझेट्सलिशच घ्या. जर्मनीतल्या पहिल्याच नोकरीत पगार मर्यादेच्या वर असेल, तरी नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करून तुम्हाला त्यात शिरता येतं. ही मुदत चुकवू नका.

विम्याचं कार्ड आलं की ठणठणीत असतानाच घराजवळचा हाउसआर्त्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, गाठा. अनेक दवाखाने नवीन पेशंट घेत नाहीत, आणि हे ताप चढल्यावर कळण्यात अर्थ नाही. रात्री किंवा रविवारी अंगावर काढण्यासारखं नसेल, पण जिवावरचंही नसेल, तर ११६११७ या डॉक्टरांच्या मदत क्रमांकावर फोन करा. छातीत दुखणं, श्वास लागणं यासाठी ११२, हा इथला आपत्कालीन नंबर. साध्या व्हायरल तापाला डॉक्टर अँटिबायोटिक देत नाहीत, विश्रांती आणि चहा सांगतात. आपल्या ग्रुपवर यावरून फार कुरकुर चालते, पण डॉक्टरांचंच बरोबर आहे. पॅरासिटामॉल किराणा दुकानात मिळत नाही, फार्मसीतच जावं लागतं.

आजारी असाल तर कामाची वेळ सुरू होण्याआधी मॅनेजरला कळवा. दुखणं तीन दिवसांच्या वर गेलं तर चौथ्या दिवशी डॉक्टरचा दाखला लागतो. कंपनी तो आधीही मागू शकते, करारात बघा. हे दिवस कॅलेंडरचे मोजतात, शनिवार-रविवार धरून. १ जानेवारी २०२३ पासून गेझेट्सलिशवाल्यांचा दाखला डॉक्टर थेट विमा संस्थेला पाठवतो आणि कंपनी तिथून घेते. कळवण्याची जबाबदारी मात्र तुमचीच राहते. ताप असताना घरून लॅपटॉप उघडून बसू नका, इथे त्याचं कुणालाच कौतुक नाही.

आईबाबांना तुमच्या विम्यात घालता येत नाही. शेंगेन व्हिसासाठी त्यांना किमान ३०,००० युरोचा प्रवासी विमा लागतो, आणि जुनं बीपी-शुगर त्यात बहुतेक वेळा वगळलेलं असतं. तीन महिन्यांच्या गोळ्या सोबत आणायला सांगा. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव, उदाहरणार्थ अ‍ॅम्लोडिपिन, लिहून घ्या. भारतातला ब्रँड इथल्या फार्मसीला ओळखू येत नाही.

विम्याचं झालं, आता फिरण्याचं. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा लोकल वाहतुकीचा मासिक पास, जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरो. आरई, आरबी या प्रादेशिक गाड्या, एस-बान ही शहरी लोकल, बस, ट्राम यांत चालतं. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करा, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे गेलेच. काही आरई गाड्या वाटेत तुटतात, पुढचे डबे एका गावाला आणि मागचे दुसऱ्या. चढताना डब्यावरच्या पाटीवरचं गाव वाचा.

भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं. त्यानंतर गाडी चालवणं गुन्हा आहे. जर्मन लायसन्ससाठी डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचाराचा कोर्स, मग लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. लेखी इंग्रजीत देता येते. प्रत्यक्ष परीक्षेत आपली माणसं दोन जागी हमखास नापास होतात. वळताना नुसत्या आरशात बघून चालत नाही, मान वळवून खांद्यामागे बघावं लागतं. आणि वस्तीतल्या, पाटी-सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो सायकलवर का असेना. अशा प्रत्येक चौकात वेग कमी करा आणि परीक्षकाला दिसेल अशी उजवीकडे मान वळवा.