कासची फुलं बघून लगेच परत फिरू नका

मी एसटीत वाहक होतो, आणि नोकरीची शेवटची अकरा वर्षं सातारा–बामणोली गाडीवर गेली. यवतेश्वरचा घाट चढून पेट्री मागं पडली की सप्टेंबरात गाडीतली निम्मी माणसं उभी राहायची. "मास्तर, फुलं कुठं दिसतील?" हा प्रश्न तिकिटाच्या आधी यायचा. सगळ्यांना सांगता यावं म्हणून सुट्टीच्या दिवशी मीच पिशवीत वही टाकून तिथं उतरू लागलो. आता नातवंडांना घेऊन जातो. त्यांना जे सांगतो तेच इथं लिहितोय.

कास पठारावर येणारी बहुतेक माणसं सकाळी फुलं बघतात, फोटो काढतात आणि जेवायच्या वेळेला साताऱ्याकडे वळतात. फुलपाखरं त्यांना भेटतच नाहीत. कारण साधं आहे. पठार उघडं, वारा सुसाट, आणि सकाळी धुकं. फुलपाखराचं अंग उन्हानं तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. ते वाऱ्याच्या तोंडावर येत नाही, झाडीच्या कडेला थांबतं. म्हणून दिवसाचे दोन भाग करा: सकाळ पठारावर, आणि ऊन चढल्यावर पठार ओलांडून कास तलावाकडे.

आधी केव्हा जायचं ते. पठारावर सगळी फुलं एकदम येत नाहीत, पाळीपाळीनं येतात. जून सरताना दीपकाडी, मग चवर आणि पंद. ऑगस्टमध्ये गेंद, जांभळा तेरडा, सीतेची आसवे. सप्टेंबर अर्धा झाला की कवला आणि सोनकीचा पिवळा रंग चढतो, आणि जांभळी मंजिरी सगळ्यात शेवटी. फक्त फुलांचे गालिचे हवे असतील तर गणपती उठल्यावर, पाऊस दोन दिवस उघडला की निघा. फुलं आणि फुलपाखरं दोन्ही हवी असतील तर मी सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबरचा मध्य एवढेच दिवस सांगतो. गालिचे विरळ झालेले असतात, पण ऊन भरवशाचं असतं आणि गर्दी ओसरलेली असते. हंगामात प्रवेशाची नोंदणी आधी करावी लागते, तेवढं बघून निघा.

सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. कॅमेरा घरी राहिला तरी चालेल, भिंग नको राहायला. आणि एक वही.

पठारावर पाऊल टाकण्याआधी खाली बघा. तुमच्या पायाखाली जांभा दगड आहे आणि त्याच्यावर मातीचा जेमतेम पापुद्रा. काही ठिकाणी बोटाचं एक पेर बुडेल एवढीच माती. त्या मातीत ८५० हून जास्त जातींच्या फुलझाडांची नोंद झालेली आहे. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ज्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशात घेतलं, त्यात कास आहे. पुढच्या वर्षीचं बी आणि कंद याच पापुद्र्यात झोपलेले असतात. म्हणून कुंपण असो वा नसो, पायवाट सोडायची नाही. फोटोसाठी फुलांत बसलेली माणसं मी खिडकीतून कितीदा पाहिली. ती उठून गेल्यावर तिथं जो चपटा काळपट गोल उरायचा, तो बघून जीव तुटायचा.

आता पायवाटेच्या कडेला, जिथं पाणी झिरपतंय, तिथं उकिडवे बसा. निळी-जांभळी बारीक फुलं दिसतील, नखापेक्षा लहान. ती सीतेची आसवे. लोक म्हणतात, सीतामाईच्या डोळ्यांतलं पाणी इथं पडलं. भिंगातून बघा: खालची पाकळी पुढं फुगीर, मागं टोकदार शेपूट. खरी गंमत जमिनीखाली आहे, ती उपटून बघायची नाही, माझ्या शब्दावर विश्वास ठेवा. तिच्या मुळांसारख्या धाग्यांना टाचणीच्या टोकाएवढ्या पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाच्या केसाला लागला की झडप उघडते आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. या मातीत नायट्रोजन फार थोडा, म्हणून या झाडानं शिकार धरली. शेजारीच दवबिंदू नावाचं रोपटं सापडलं तर तेही बघा, पानावरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात आणि त्यांत चिलटं अडकलेली असतात. साठलेल्या डबक्यात बेचक्यासारखा दुभागलेला तुरा दिसला तर तो वायतुरा. त्याच्या शास्त्रीय नावात आपला सातारा आहे, सातारेन्सिस.

दहा-साडेदहाला ऊन पडलं की तलावाची वाट धरा. उतारावर कारवीची झुडपं लागतील. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, म्हणून फुलं नसली की कुणी तिच्याकडे ढुंकून बघत नाही. तुम्ही बघा. तिच्या खरखरीत पानांवर चॉकलेट पॅन्सी आणि ब्लू ओकलीफ या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. ब्लू ओकलीफ पंख मिटून बसलं की वाळकं पान, देठासकट. उडालं की निळा रंग आणि फिकट निळसर-पांढरा पट्टा चमकतो.

मला जे कळलं ते एवढंच: फुलपाखराच्या मागं धावू नका, त्याच्या झाडापाशी थांबा. मध कुठल्याही फुलावर चालतो, पण अळीचं पान ठरलेलं असतं. प्लेन टायगरला रुई, इमिग्रंटला बहावा आणि टाकळा, कॉमन रोजला सापसंद, बॅरोनेटला टेंभुर्णी. झाड ओळखलंत की अर्धं काम झालं. त्यानंतर वीस मिनिटं हलायचं नाही. उभं राहताना आपली सावली त्याच्यावर पडणार नाही असं राहायचं. सावली पडली की ते गेलंच. वहीत नाव नंतर लिहा. आधी तीन गोष्टी टिपा: कुठल्या झाडावर बसलं, काय करत होतं, आणि पंख मिटल्यावर खालची बाजू कशी होती. नाव या तिन्हींवरून घरी बसून काढता येतं.

"काय करत होतं" याला फार महत्त्व आहे. एकदा तलावाच्या अलीकडे खुळखुळ्याच्या वाळत आलेल्या झाडावर ब्लू टायगर जातीची वीसेक फुलपाखरं लोंबकळत होती. फूल एकही नव्हतं. शेंगांना सोंड लावून बसलेली, हात जवळ नेला तरी उडेनात. ते सगळे नर होते. खुळखुळ्यातलं कडवट द्रव्य ते शोषून घेतात आणि त्यापासून माद्यांना भुलवणारा वास तयार करतात. ओढ्याच्या ओल्या वाळूवर घोळका बसलेला दिसला तर तेही बहुतेक नरच, मातीतले क्षार पितात. आणि एखादं फुलपाखरू पानापानावर टेकून लगेच उठत असेल तर डोळा हलवू नका. ती मादी आहे. पायांनी पानाची चव घेते. नको ते पान सोडते. हवं ते सापडलं की पोटाचं टोक वाकवून एक अंडं ठेवते आणि जाते. ती गेल्यावर भिंग काढा.

एक चूक मी केली आहे, ती तुम्ही करू नका. गुराखी पोरांनी एकदा खर्चुडीचा कंद दाखवला, कंदीलपुष्पाचा. त्याचं फूल म्हणजे खरोखरच लहानसा कंदील. आत गेलेली माशी खाली वळलेल्या केसांमुळे अडकते, आणि केस सुकले की परागकण घेऊन सुटते. ते रुईच्या कुळातलं, म्हणून प्लेन टायगरची अळी त्याच्या पानांवरही वाढते. मला मोह झाला. कंद घरी आणून कुंडीत लावला, पठारावरची मूठभर मातीसुद्धा आणली. पावसाळा संपायच्या आत कुजला. एक वेल पठारावरून कायमची गेली, आणि ती मी नेली. आजही त्या जागेवरून जाताना ते आठवतं.

घरी लावायचंच असेल तर लिंबू लावा, शेजारी कढीपत्ता. २०१५ साली आपल्या राज्याचं फुलपाखरू म्हणून ब्लू मॉरमॉन जाहीर झालं. काळं मखमली, मागच्या पंखांवर निळी झळाळी. त्याची मादी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालते. कोवळ्या पानावर चिमणीची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर पुसू नका, ती लहान अळी आहे. मोठी झाली की हिरवी होते. तेव्हा तिला काडीनं हळूच स्पर्श केलात तर डोक्यामागून तांबडं दुभागलेलं शिंग बाहेर काढेल आणि उग्र वास सोडेल. एकदा करून बघा, मग तिला तिचं खाऊ द्या. लिंबाची चार पानं जातील, नवी फुटतात. औषध मात्र मारू नका.