दिव्यांगांसोबत गावात काम करायचंय? मग आधी गप्प बसायला शिका

दर जूनमध्ये एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) संपवलेल्या दोन-तीन मुली फोन करतात. "ताई, दिव्यांगांच्या क्षेत्रात यायचंय, कुठून सुरुवात करू?" फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितेय. मराठवाड्यातल्या एका ऊसतोडीच्या तालुक्यात मी नऊ वर्षं हे काम करतेय. संस्था लहान आहे. माझा पहिला पगार 11,000 होता आणि त्यातच पेट्रोल.

पहिल्या आठवड्यात चोवीस वर्षांच्या एका तरुणाच्या घरी गेले. त्याला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी. हात आखडलेले, बोलणं सावकाश. मी त्याच्या आईकडे बघून विचारत होते, "हा जेवतो का हातानं? संडासला कोण नेतं?" मध्येच त्याच्याकडे वळले आणि मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हणाले, "नाव काय तुझं?" त्यानं बराच वेळ घेतला. मग म्हणाला, "ओरडू नका. कान चांगलेत." आई हसली, मला मात्र कुठे बघावं कळेना. तेव्हापासून प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजते आणि समोरच्याचं वाक्य आपण पूर्ण करत नाही. अजूनही कधीकधी चुकते.

तुमच्या हातात पहिलं काम बहुधा सर्व्हे येईल. सरपंचांच्या ओट्यावर बसून यादी केली तेव्हा आमच्या एका गावात बारा नावं आली, सगळी कुबड्या, काठी किंवा तीनचाकीवाली. घरोघर फिरल्यावर आकडा एकतीसवर गेला. सुटलेल्यांत बहुतेक बाया होत्या. कुणी ऐकू न येणारी सून, कुणी मानसिक आजाराची, जिला पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवतात. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात एकवीस झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातले पीडित, बुटकेपणा हे सगळं त्यात येतं. एकवीसची यादी तोंडपाठ करा. आशाताई आणि अंगणवाडी सेविका या कामात तुमच्या खऱ्या सहकारी, त्यांना आधी भेटा.

यानंतर येतं टक्क्यांचं प्रकरण, म्हणजे डॉक्टरांनी दाखल्यावर अपंगत्व किती टक्के लिहिलं ते. "टक्के किती?" हा प्रश्न आमच्याकडे दहावीच्या निकालासारखा विचारतात. 40 च्या खाली गेलात तर दाखला मिळतो, पण आरक्षण आणि बहुतेक योजना मिळत नाहीत. यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) 40 च्या खाली पांढरा पट्टा, 40 पासून पिवळा, 80 पासून निळा. 38 टक्के आलेला माणूस तुमच्याकडे बघून म्हणेल, "दोनच तर वाढवायचेत, सांगा ना डॉक्टरला." तसं कधीही करू नका. फेरतपासणीचा रस्ता आहे, तो दाखवा. एक खोटा दाखला सापडला की पुढे सहा महिने खऱ्या माणसांची झाडाझडती होते, हे मी जवळून पाहिलंय.

दाखल्याचा ऑनलाइन अर्ज सोपा आहे, खरा त्रास तपासणीसाठी सिव्हिलला (जिल्हा रुग्णालयात) जाण्याचा. बौद्धिक अक्षमतेच्या एका मुलाला मी "बुधवारी जा" असं आईला सांगून पाठवलं. सत्तर किलोमीटर, पोरगा गर्दीत घाबरतो म्हणून 1,800 रुपये देऊन जीप केलेली. त्या दिवशी बोर्डावर, म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळात, फक्त हाडांचे डॉक्टर होते. बुद्ध्यांक तपासणी वेगळ्या वारी असते, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या माउलीची दोन दिवसांची मजुरी बुडाली, आणि पुढच्या तारखेला कुटुंब कर्नाटकात उसाच्या फडावर. दाखला आला पुढच्या मे महिन्यात. आता कुणालाही पाठवण्याआधी मी फोन करते, डॉक्टर आहेत का, यंत्र चालू आहे का विचारते, आणि आधार, रेशनकार्ड यांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघते. ऊसतोडवाल्यांची सगळी कागदपत्रं दसऱ्याआधी उरकायची, हा आमचा नियम.

आता वकिलीचा भाग, म्हणजे हक्कांसाठी भांडण. सुरुवात मंत्रालयापासून नको, ग्रामपंचायतीपासून करा. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. पूर्वी हे 3 टक्के होतं, म्हणून जुनी माणसं अजून "तीन टक्के निधी" म्हणतात. त्या एकतीस जणांच्या गावाचं स्वउत्पन्न होतं सहा लाख, म्हणजे निधी 30,000. आम्ही दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात तीन वर्षांचा हिशोब मागितला. एका वर्षी खर्च शून्य, दुसऱ्या वर्षी "सतरंज्या खरेदी".

पुढचा वाद आमच्यातच झाला. काहींना रोख हवी होती. भाग केले तर माणशी हजारही येत नव्हते. काहींना कार्यालयाला रॅम्प हवा होता. मला रॅम्प हवा होता आणि मी तो जवळजवळ गळी उतरवला. माझ्या कामातली ही दुसरी मोठी चूक. शेवटी त्यांनी ठरवलं, या वर्षी रोख वाटायची आणि रॅम्प ग्रामपंचायतीच्या इतर कामांतून मागायचा. मला ते सुचलंच नसतं.

रॅम्प झालाही. जोतं दोन फूट उंच आणि रॅम्प सात फूट लांब, वर चकचकीत फरशी. नियम असा की एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, म्हणजे इथे चोवीस. पावसात त्यावरून बकरीसुद्धा घसरली. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत तोच सेरेब्रल पाल्सीचा पोरगा मोजपट्टी घेऊन आला, भावाला टोक धरायला लावलं आणि सगळ्यांसमोर मोजलं. त्याला "सात" म्हणायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ सभा गप्प होती. ग्रामसेवकांनी मोजमाप वहीत लिहून घेतलं. मी मागच्या सतरंजीवर बसले होते. (होय, तीच सतरंजी.)

शिक्षणाचं थोडक्यात. विशेष शिक्षक किंवा वाचा-श्रवणतज्ज्ञ व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच कोर्स करा, नंतर नोंदणी क्रमांक घ्या. तो नसेल तर पुढे दारं बंद होतात. बीएएसएलपी, म्हणजे वाचा-श्रवणतज्ज्ञाचा पदवी कोर्स, चार वर्षांचा. गावपातळीवर काम करणाऱ्यांसाठी परिषदेचा सहा महिन्यांचा समुदायाधारित समावेशक विकासाचा कोर्स 2021 पासून आहे, तो केलेल्यांना "दिव्यांग मित्र" म्हणतात. मुंबईच्या टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) सामाजिक कार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात हा विषय स्वतंत्रपणे घेता येतो. मी साधी एमएसडब्ल्यू. सांकेतिक भाषा शिकले नाही याचा रोज पश्चात्ताप होतो, ती ऐकू न येणारी सून माझ्याशी अजून नणंदेमार्फत बोलते आणि नणंद काय गाळते ते मला कळत नाही.

पगाराचं सांगितलंच. प्रोजेक्ट तीन वर्षांचा असतो, चौथ्या वर्षाचं आधीपासून बघा. गाडीच्या डिकीत रेनकोट, शाईचा पॅड आणि मोजपट्टी ठेवा. चोवीस फुटांचा रॅम्प अजून झालेला नाही. 2 ऑक्टोबरच्या सभेत पुन्हा विषय आहे.