मिग मशीनचं झाकण उघडून बघा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे. नवीन पोरगं आलं की त्याला आधी वेल्डिंग करू देत नाही. मेन स्विच बंद करून मिग मशीनचं, म्हणजे वायर आपोआप पुढं सरकवणाऱ्या वेल्डिंग मशीनचं, बाजूचं झाकण उघडायला लावतो.

आत वायरचं रीळ दिसेल. आमच्याकडे ०.८ मिमीची, तांब्याचा मुलामा दिलेली. ती रोलरमधून टॉर्चकडे, म्हणजे हातात धरायच्या वेल्डिंगच्या पिस्तुलाकडे, ढकलली जाते, आणि खरी गोम इथंच आहे. रोलरची खाच वायरच्याच मापाची हवी, दाब बेताचा. कमी पडला तर वायर घसरते. एकदा मी घाईत दाब जास्त पिळला. पुढं टिप (टॉर्चच्या टोकाची, वायर बाहेर येते ती नळी) तुंबली होती, वायर रोलरपाशी शेवयांसारखी गुंतली. अर्धा तास कापत बसलो.

पुढं केबलमधल्या लायनरमधून, म्हणजे आतल्या नळीतून, वायर तांब्याच्या टिपमध्ये येते. करंट तिला इथं मिळतो, म्हणून टिपचं भोक झिजलं की आर्क, म्हणजे वायर आणि लोखंडामधली विजेची ठिणगी, फडफडतो. टिप बदला, मशीनला शिव्या देऊ नका. बाहेरच्या नोझलमधून सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅस येतो. रेग्युलेटरवर मिनिटाला १० ते १२ लिटर ठेवा. सोलापूरच्या मे महिन्यात पंखा लागतोच, पण त्याचं तोंड जॉबकडे, म्हणजे वेल्डिंग चाललेल्या लोखंडाकडे, नको. वाऱ्यानं गॅस उडाला की वेल्डिंगच्या टाक्यात भोकं पडलीच.

अर्थिंगचा चिमटा रंग-गंज घासलेल्या लोखंडावरच लावा.

राहिली दोन बटणं: एक व्होल्टेजचं, दुसरं वायरच्या वेगाचं. वेग वाढवला की करंटही वाढतो.