स्टार्टअपच्या वेबसाइटवर मत देताय? या चुका टाळा

‘जरा आमची वेबसाइट बघून सांग ना’ असा मेसेज आला की बहुतेक जण दोन मिनिटांत उत्तर टाकून मोकळे होतात. ‘मस्त झालीये, फक्त तो निळा रंग बदल.’ समोरच्यानं त्यात कित्येक महिने आणि घरातले पैसे घातलेले असतात. तेवढाच वेळ असेल तर ‘आत्ता जमणार नाही’ असं कळवा, ते बरं.

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य म्हणजे ‘किंमत जास्त वाटते’. ते मीही बोललो आहे. एका मैत्रिणीनं खासगी क्लासवाल्यांसाठी फी आणि हजेरीचं सॉफ्टवेअर काढलं होतं, महिना ९९९ रुपये. मी म्हटलं, महाग आहे. तिनं विश्वासानं ते ४९९ केलं. दोन महिन्यांनी तिचा फोन आला, गिऱ्हाईक काही वाढलं नव्हतं. मग आम्ही ओळखीच्या एका क्लासच्या सरांशेजारी जाऊन बसलो आणि त्यांनाच मोबाइलवर खरेदी करायला सांगितलं. त्यांनी ४९९ पाहिले, बटण दाबलं, पुढच्या पानावर आकडा आला ७,०६५ रुपये ८४ पैसे. ‘अहो, वर ४९९ लिहिलंय ना? मग हे सात हजार कशाचे?’ असं म्हणून त्यांनी पान बंद केलं.

वर्षाचे पैसे एकदम घेतले जातात हे फिक्या राखाडी, बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं आणि १८ टक्के जीएसटी शेवटी जोडला जात होता. सेवा देणाऱ्याची, म्हणजे इथे क्लासवाल्याची, वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही. नोंदणी नाही म्हणजे भरलेल्या कराचं क्रेडिटही नाही (तो कर स्वतःच्या करातून वजा करता येत नाही), तो १८ टक्के त्याच्या खिशातूनच जातो. सरांना ९९९ जड गेलेच नसते, त्यांना फसवणूक वाटली. मी ते पान शेवटपर्यंत भरून न बघता बोललो आणि तिची किंमत निम्म्यावर आली. याची रुखरुख अजून आहे. (सुरुवातीला कमी आकडा दाखवून पुढे वाढवत नेणं हे ३० नोव्हेंबर २०२३च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांतल्या १३ ‘डार्क पॅटर्न’मध्येही, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या युक्त्यांमध्येही येतं. नव्या संस्थापकांना हे जरूर सांगा.)

तेव्हापासून मी पैसे भरायच्या पानापर्यंत गेल्याशिवाय किमतीवर अवाक्षर काढत नाही. आधी विचारतो, हे घेणार कोण आणि आत्ता ते काम कशावर करतो? वहीवर, एक्सेलवर, की पगारी माणूस ठेवून? त्याच्या तुलनेत महाग की स्वस्त, तेवढंच बोलतो.

लॅपटॉपवर बघून मत देऊ नका, गिऱ्हाईक मोबाइलवर येतं.

‘अॅपलसारखी कर’ हा सल्ला नव्हे.

चाळीस चुकांची यादी पाठवू नका. कुणीही त्यातला आधी रंगच बदलतो, कारण ते सोपं असतं. मी तीनच गोष्टी लिहितो आणि प्रत्येकीत मी काय करायला गेलो, कुठे अडकलो ते सांगतो. ‘हे बटण तिकडे घे’ असं लिहायचा मोह आवरतो. उपाय त्यांना माझ्यापेक्षा चांगले सुचतात.

हे सगळं ग्रुपवर चारचौघांत टाकू नका. त्या माणसाला थेट पाठवा, आणि आठवड्यानं पुन्हा साइट उघडून बघा.