आसरा आणि माणसाची ऊबदार प्रेमकथा कशी लिहावी

आधी काळ आणि पाणी ठरवा. आसरा म्हणजे पाण्यातल्या लोकदेवता; त्या पाण्यापाशीच राहतात, तेव्हा डोह, बारव किंवा झरा हवाच. मी सुचवेन मलिक अंबरानं १६१० च्या सुमारास वसवलेली खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. त्यानं जमिनीखालून नहर काढून शहरात पाणी आणलं. नहर बांधणारा गवंडी आणि त्यानं हात घातलेल्या झऱ्यातली आसरा घ्या. भांडण आयतंच मिळतं. साती आसरा बहिणी, त्यामुळे सहा मेहुण्याही फुकटात.

जेवणात भाकरी, अंबाडीची भाजी, ताक. त्या काळाला चहा-बटाटा नको.

आता अट, म्हणजे आसरा माणसाच्या घरात ज्या बोलीवर नांदते ती. माझ्या गोष्टी इथंच अडून बसायच्या. ‘अट मोठी ठेवा, मोडली की जग बुडालं पाहिजे’ हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो साफ चुकीचा आहे. जग बुडायला लागलं की ऊब गेली. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात अप्सरा उर्वशीची अट बघा: तिचा नवरा, राजा पुरूरवा, तिला उघडा दिसता कामा नये. गंधर्व तिच्या पलंगाला बांधलेली कोकरं पळवतात, हा तसाच धावतो, वीज चमकते, संसार संपतो. सगळं घडतं ते झोपायच्या खोलीत, कोकरांपायी.

पश्चिमेकडच्या परीकथांतले नियम उचलताना जपून. लोखंड न सोसणारी परी तिकडे शोभते. इथंही बाळंतिणीच्या उशाखाली लोखंडी अडकित्ता ठेवतात. पण विळीला हात न लावणारी सून स्वयंपाकघरात काय करणार, हे ठरलं असेल तरच तो नियम घ्या. खरं नाव कळलं की परी ताब्यात येते, हाही तिकडचाच नियम. इकडे बाई नवऱ्याचं नाव उखाण्यातच घेणार, मग तिच्या उखाण्याचा प्रसंग करा.

अट अशी हवी: दिवस मावळताना घरातला रांजण रिकामा असता कामा नये. वैशाखात रांजण भरणं हेच त्याचं प्रेम, वेगळी कबुली लिहायची गरज नाही. मग एका संध्याकाळी शेजारीण तान्हं घेऊन दारात येते आणि रांजणात शेवटचा तांब्या उरलेला असतो. पाणी नाकारणारा नायक वाचकाला नको, आणि दिलं तर बायको जाते. अट मोडायला दुष्ट माणूस लागत असेल तर ती अट टाकून द्या, नवीन शोधा.

सोडवणूक गल्लीतून येऊ द्या, घराघरातून तांब्या-तांब्या. कुणालाही डोहात बुडवू नका.

शेवटी संवाद मोठ्यानं वाचा. ‘काय करायलीस?’ विचारणारा गवंडी खरा वाटतो. ‘हे सुंदरी’ म्हणणाऱ्याची वाक्यं दयामाया न करता खोडा.